मेलबर्नच्या थंडीतले सागरगोटे

"बाबा, बोअर होतंय!"

हे वाक्य आमच्या घरात जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतं आणि ऑगस्ट संपेपर्यंत थांबत नाही. भारतात ऑस्ट्रेलिया म्हटलं की लोकांना समुद्रकिनारा, कांगारू आणि टळटळीत ऊन आठवतं. मीही इथे येताना एकसुद्धा जाड स्वेटर आणला नव्हता. पण मेलबर्नचा हिवाळा हे प्रकरण वेगळं आहे. शहरात बर्फ पडत नाही, म्हणजे पोरांना बर्फात खेळायला सोडून द्यायची सोय नाही. जुलैत दुपारी पारा जेमतेम १३-१४ अंशांवर, पहाटे ६-७ वर, वर बोचरा वारा आणि भुरभुर पाऊस. जूनमध्ये तर संध्याकाळी पाच-सव्वापाचलाच सूर्य मावळतो. त्यात आमचं घर जुनं, लाकडी, खिडक्यांना एकेरी काच. हीटर लावला की अर्धी ऊब घरात आणि अर्धी अंगणात!

एरवी आम्ही निभावून नेतो. जून-जुलैत शाळेला दोन आठवड्यांची सुट्टी असते. तेव्हा एक दिवस स्पॉट्सवूडचं सायन्सवर्क्स, एक दिवस मेलबर्न म्युझियम (तिथे फार लॅप नावाचा रेसचा घोडा पेंढा भरून ठेवला आहे, त्याच्यासमोर धाकटा दरवेळी अर्धा तास काढतो), उरलेले दिवस लायब्ररी. पण मला सांगायचंय ते २०२० च्या हिवाळ्याबद्दल.

त्या वर्षी ८ जुलैच्या मध्यरात्री मेलबर्नमध्ये दुसरा लॉकडाऊन लागला, तो उठला थेट २७ ऑक्टोबरला. ऑगस्टच्या सुरुवातीला नियम आणखी कडक झाले. रात्री आठनंतर संचारबंदी, व्यायामासाठी दिवसातून एक तास बाहेर, तोही घरापासून ५ किलोमीटरच्या आत. बागेतले झोपाळे आणि घसरगुंड्यासुद्धा बंद. थोरली तेव्हा नऊ वर्षांची, धाकटा सहाचा. दोघांची शाळा लॅपटॉपवर, बायकोचं आणि माझं ऑफिसही लॅपटॉपवर, आणि घरात गरम खोली एकच.

मी पडलो इंजिनियर. अडचण आली की आमचा हात आधी एक्सेलकडे जातो. मी अर्ध्या-अर्ध्या तासाचं रंगीत वेळापत्रक केलं. चित्रकला, लेगो, विज्ञानाचे प्रयोग, सूर्यनमस्कार, "शांत वाचन". जिगसॉ पझल्स तर मार्चमध्ये खुद्द पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनीच अत्यावश्यक वस्तूंत काढली होती, त्यामुळे आमच्याकडे ती तीन होती. वेळापत्रक फ्रिजवर लावलं. ते बरोबर चार दिवस टिकलं. पाचव्या दिवशी "शांत वाचना"च्या वेळेला धाकट्यानं थोरलीच्या डोक्यावर हजार तुकड्यांचं पझल ओतलं. मी मीटिंगमध्ये होतो आणि माझा माईक चालू होता. असो.

त्याच संध्याकाळी आईचा पुण्याहून फोन आला. आई कोथरूडला एकटीच असते. बाबा २०१८ मध्ये गेले. ती मे महिन्यात आमच्याकडे यायची होती, तिकीटही काढलं होतं, पण ऑस्ट्रेलियानं २० मार्चलाच सीमा बंद केल्या. तिकडे जुलैच्या मध्यात पुण्यातही पुन्हा दहा दिवसांचा लॉकडाऊन लागला होता. मी तिच्यापुढे वेळापत्रकाचं रडगाणं गायलो. ती हसली. म्हणाली, "अरे, तुझ्या लहानपणी चार-चार दिवस पाऊस थांबायचा नाही, तेव्हा मी काय वेळापत्रक लावलं होतं का? दे फोन त्यांच्याकडे."

खरंच की! जून ते ऑगस्ट, इथली थंडी आणि आपला पावसाळा, महिने तेच. माझे ते महिने वाड्याच्या ओसरीवर गेले होते. पत्ते, सापशिडी, काचापाणी आणि आईचे सागरगोटे.

दुसऱ्या दिवसापासून व्हिडिओ कॉल सुरू झाला. आमचे दुपारचे चार म्हणजे पुण्यात साडेअकरा. आईनं फोन पाटाला टेकवून ठेवला आणि स्वतः समोर जमिनीवर बसली. सागरगोटे ठाऊक नसतील अशा तरुण वाचकांसाठी सांगतो. काटेरी शेंगेत येणाऱ्या त्या राखाडी, गुळगुळीत, कडक बिया. पाच जमिनीवर टाकायच्या, एक वर उडवायची, ती खाली यायच्या आत दुसरी उचलायची आणि उडवलेली झेलायची. मग दोन-दोन, मग तीन आणि एक, मग चारही एकदम. शेवटी सगळ्या उडवून हाताच्या पालथ्या बाजूवर झेलायच्या. ऐकायला सोपं आहे. करून बघा!

पण इथे सागरगोटे कुठले? मागे एकदा आई येताना घेऊन आली होती, तेव्हा विमानतळावर ते काढून द्यावे लागले. या देशात बी म्हणून काही आणू देत नाहीत. मग रोजच्या एका तासाच्या फेरीत आम्ही निलगिरीची बोंडं गोळा केली. ती फार हलकी, हवेतच दिशा बदलत. बागेतले खडे घेतले, तर लाकडी जमिनीवर ओरखडे पडले. शेवटी कुंपणापलीकडच्या आजीबाईंनी पोरांची धडपड पाहिली आणि म्हणाल्या, "अरे, हे तर आमचे नकल्स!" त्यांच्या लहानपणी रविवारच्या जेवणातल्या मेंढीच्या पायाचं घोट्याचं हाड उकळून, साफ करून ठेवत आणि पाच जमली की हाच खेळ. दुसऱ्या दिवशी कुंपणावर एका डब्यात प्लॅस्टिकची पाच रंगीत हाडं ठेवलेली होती. आईला दाखवली तर म्हणाली, "प्लॅस्टिकची आहेत ना? मग चालतील."

मी कुतूहलानं जरा शोधलं. डोरोथी हॉवर्ड नावाच्या अमेरिकन बाई १९५४-५५ मध्ये इथे येऊन शाळाशाळांतून मुलांचे खेळ टिपून गेल्या. त्यांत ही हाडंही आहेत. त्यांची ती टिपणं आज मेलबर्नच्या म्युझियमकडेच आहेत. म्हणजे आम्ही घोडा बघून परत यायचो त्या संस्थेकडेच! प्राचीन ग्रीसमध्येही हा खेळ होता. आणि मी समजत होतो, की हा आपल्या ओसरीचा खेळ.

थोरलीचा हात महिनाभरात बसला. धाकटा हरला की रडायचा, आजी त्याला एक जास्तीचा डाव द्यायची. मोजणी मराठीत, कारण पंच मराठी. आमच्या शनिवारच्या मराठी शाळेत जे जमलं नव्हतं ते इथे जमलं. "चीटिंग" जाऊन "रडीचा डाव" आला.

सप्टेंबरच्या मध्यात बागा उघडल्या. उन्हं आली होती, झोपाळे सुटले होते. मी म्हटलं, "चला, आज चार वाजता बागेत." धाकटा बूट घालून तयार. थोरली हलेना.

"अगं, तूच म्हणत होतीस ना बोअर होतं?"

"मला नाही होत आता. आजीला होतं."

"तिला कसलं बोअर? तिला घरात शंभर कामं."

"तिनं मला सांगितलंय. आपला फोन येईपर्यंत सकाळपासून तिच्याशी कोणीच बोललेलं नसतं. बाबाला सांगू नको म्हणाली, तो काळजी करतो."

मी काही बोललो नाही. मी आईला रोज फोन करत होतो. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, वाणसामान आलं का, असे तीन प्रश्न विचारायचो. तिन्हींचं उत्तर "हो रे, मजेत आहे" असं यायचं आणि माझ्या मनातल्या यादीवर टिकमार्क पडायचा. माझ्या मुलीनं तिला एकही प्रश्न विचारला नव्हता. ती फक्त रोज तासभर समोर बसत होती. मी समजत होतो, आई माझ्या पोरांना रमवते आहे.

त्या दिवशी आम्ही बागेत साडेपाचला गेलो. चार वाजता नेहमीसारखा डाव झाला आणि पहिल्यांदाच मीही बसलो. चौथ्या फेरीत बाद झालो. आई म्हणाली, "लहानपणीही इथेच अडायचास."

सीमा उघडल्यावर २०२२ च्या मे महिन्यात आई आली, थंडीच्या तोंडावर. सामानात बी नव्हतं. प्लॅस्टिकचे नकल्स हातात घेऊन म्हणाली, "फार हलके आहेत गं." आणि पहिलाच डाव नातीकडून हरली. खरी हरली की मुद्दाम, ते दोघींनीही मला सांगितलेलं नाही.

वेळापत्रक अजून लॅपटॉपमध्ये आहे. परवा पुन्हा जून लागला आणि धाकट्यानं, आता बारा वर्षांच्यानं, ठरलेलं वाक्य म्हटलं. मी त्याला फोन दिला आणि म्हटलं, पुण्यात साडेअकरा वाजलेत बघ.