घरची शाळा कोणी चालवली?

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा आमची धाकटी बालवाडीत होती. ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग भरायला 1 डिसेंबर 2021 उजाडला. तोवर ती कागदोपत्री दुसरीत गेली होती. पहिलीचा वर्ग तिने पाहिलाच नाही.

घरात स्मार्टफोन एकच. पोरीच्या क्लासच्या वेळेला मी त्यावर बातमी पाठवत बसायचो, हे आज कबूल करतो. तिला शिकवलं बायकोनं. आमच्या कोराडीत गच्चीवर राख बसते. त्या राखेत बोटानं अक्षरं आणि भाजीच्या हिशेबात बेरीज-वजाबाकी. पोरगी वाचायला लागली. मी मित्रांना सांगायचो, "आम्ही घरीच शिकवतो." 'आम्ही' म्हणे!

होमस्कूलिंगचा विषय निघाला की मुंबईच्या मालविका जोशीचं उदाहरण देतात. सातवीत शाळा सोडली, दहावी-बारावीचं प्रमाणपत्र नाही, तरी 2016 मध्ये अमेरिकेच्या एमआयटीत प्रवेश. खरंच कौतुक आहे. पण त्यासाठी तिच्या आईनं नोकरी सोडली, हे आपण सांगत नाही.

घरी शिकवता येतं. वेळ देणारं माणूस पाहिजे. आई-बाप दोघंही ठेकेदाराकडे कामावर जातात, त्या घरचं काय? शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयाच्या प्रत्येक पोराचा आहे. म्हणून पटसंख्या कमी म्हणून शाळा बंद करायची भाषा निघाली की गप्प बसू नका.

तुमच्या घरी त्या काळात कोणी शिकवलं? जरूर लिहा.