अंगणाचा ताप कोणाच्या अंगाने मोजायचा?

पुनर्वसन इमारतींच्या मधल्या जागेत उन्हाचा त्रास नाही, हे संगणकावर सिद्ध करून दाखवता येतं. मी काम करते त्या वस्तीत आर्किटेक्चरचे विद्यार्थी आले होते. त्यांच्या लॅपटॉपवर मी ते पाहिलं.

एन्व्ही-मेट नावाचं सॉफ्टवेअर आहे, १९९० च्या दशकात जर्मनीच्या मायकेल ब्रूस यांनी तयार केलेलं. इमारतींची उंची, भिंतींचं साहित्य, झाडं, हवामान भरलं की ते जागेचे बारीक चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनातलं तापमान, वारा, भिंतींतून अंगावर येणारी उष्णता तासागणिक काढतं. मला त्याचं वावडं नाही. आकडे आपल्याही हातात हवेतच.

आता बघा, सात मजली म्हणजे साधारण २१ मीटर उंच इमारती आणि मध्ये ३ मीटरची फट. दुपारी तिथे ऊन फारसं उतरत नाही, म्हणून नकाशावर ती निळी, थंड दिसते. याच हिशोबाने बीडीडी चाळींमधली मोकळी जागा, जिथे भीमजयंतीचा मंडप पडतो, ती लाल ठरेल! म्हणजे फट चांगली आणि अंगण वाईट?

रात्रीचे तास उघडा मग. भिंतींनी दिवसभर घेतलेली उष्णता रात्री आकाशाकडे निघून जायला हवी. फटीतून आकाशाची नुसती पट्टी दिसते. समोरासमोरच्या भिंती एकमेकींनाच तापवत बसतात, वारा वरच्यावर निघून जातो. २२५ किंवा २६९ चौरस फुटांत पाच-सहा माणसं झोपतात, ती याच वेळी. शिवाय चौकोन २ मीटरचा धरला तर त्या फटीत दीडच चौकोन बसतो. त्यात वाऱ्याचं काय कळणार? गावात आपली वस्ती कोणत्या दिशेला असावी हे ठरवणारे होते, शहरात तिला किती हवा मिळावी हे ठरवणारे आहेत.

आणि त्रास कोणाच्या शरीराला? पीईटी नावाच्या निर्देशांकात एक मानक माणूस धरलेला असतो: पुरुष, वय ३५, उंची १.७५ मीटर, वजन ७५ किलो, अंगावर जवळजवळ सूटइतके कपडे, काम हलकं. (वय तेवढं माझ्या जवळपासचं.) समाजशास्त्राच्या वर्गात 'सर्वसामान्य माणूस' या शब्दावर आम्ही तासन् तास भांडलो. तो इथे किलो-मीटरसकट सापडला. आमच्या अंगणात बसतात त्या पहाटे रस्ता झाडून आलेल्या बाया, दम्याच्या आज्या, शाळेतून आलेली पोरं.

हा माणूस बदलता येतो. वय, लिंग, वजन, कपडे, काम, सगळे रकाने उघडे आहेत. मी विद्यार्थ्यांना म्हटलं, ६० वर्षांची, ४५ किलोची, झाडू मारणारी बाई भरा. त्यांनी भरली. तोवर कोणी तसं सांगितलंच नव्हतं, म्हणाले.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या वस्तीचा आराखडा सोसायटीच्या सभेत येईल तेव्हा रंगीत चित्रं बघून टाळ्या वाजवू नका. रात्री १ ते ४ चा नकाशा मागा. दोन इमारतींतलं अंतर मीटरमध्ये लिहून घ्या. मोजणीत माणूस कोण धरलाय, हे इतिवृत्तात नोंदवायला लावा.

जय भीम.