कार्बन शेवटचा कधी बदलला?

कारखान्याच्या ईटीपीत, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्रात, गेलात की भिंतीवर एक रंगवलेला फलक दिसतो. कलेक्शन टँक, न्यूट्रलायझेशन, एरेशन, सेटलिंग असे चौकोन, मधून फिरणारे बाण, आणि बाण संपायच्या जरा आधी दोन उभे गोल डबे: पीएसएफ आणि एसीएफ. पहिल्यात वाळू, दुसऱ्यात ॲक्टिव्हेटेड कार्बन. आराखडा नामांकित सल्लागाराचा असो की गल्लीतल्या फॅब्रिकेटरचा, हे दोन डबे त्यात असायचेच. आधीच्या टाक्यांत काही राहून गेलं तर कार्बन बघून घेईल, अशी आमच्या धंद्यातली जुनी श्रद्धा आहे. त्या दुसऱ्या डब्यावरच माझं पोट चालत आलं आहे, त्यामुळे या श्रद्धेबद्दल थोडं वाकडं बोलायची मुभा मी घेतो.

श्रद्धेला आधार नाही असं मात्र नाही. चांगल्या कार्बनचा एक ग्रॅम घ्या, चहाच्या चमच्यात मावेल एवढा. त्याच्या आतल्या भोकांच्या भिंती उलगडून पसरता आल्या तर हजार चौरस मीटरच्या आसपास जागा भरेल, म्हणजे सरळ दहा गुंठे. ही जागा बाहेरून दिसत नाही, कारण त्यातली बहुतेक दोन नॅनोमीटरपेक्षाही अरुंद भोकांत दडलेली असते. पाण्यातले सेंद्रिय रेणू या भिंतींना चिकटून बसतात. याला अधिशोषण म्हणतात. बहुतेक वेळा त्यात कुठलीही रासायनिक प्रक्रिया होत नाही, रेणू भिंतीला नुसता धरून ठेवला जातो. पाण्यात ज्याला करमत नाही, म्हणजे जो कमी विरघळतो आणि आकाराने बऱ्यापैकी मोठा असतो, तो लवकर चिकटतो. फिनॉल, कीटकनाशकं, बेंझिनच्या कुळातली मंडळी कार्बनला आवडतात.

ही भोकं पाडायची पद्धत साधी पण निर्दय आहे. नारळाच्या करवंट्या हवा न लागू देता भाजून कोळसा करायचा आणि मग त्यावर आठशे-नऊशे अंश सेल्सिअसला वाफ सोडायची. वाफ कोळशाला आतून कुरतडते, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन होऊन बराचसा माल उडून जातो, आणि उरतो तो पोखरलेला सांगाडा आपण विकत घेतो. आपल्याकडे करवंटीचा कोळसा मुख्यतः दक्षिणेतून येतो. तिथे तो उघड्या खड्ड्यांत भाजला जातो तेव्हा होणारा धूर आणि तो विझवताना निघणारं काळं पाणी यांच्याबद्दल गावकऱ्यांच्या तक्रारी असतात. पाणी स्वच्छ करणाऱ्या वस्तूचा जन्म असा होतो, हे आमच्या ब्रोशरांत कुणी छापत नाही.

कोळशाचा हा गुण जुना आहे. सेंट पीटर्सबर्गमधल्या टोबियास लोविट्झ नावाच्या औषधनिर्मात्याने 1785 मध्ये पाहिलं की तपकिरी झालेलं टार्टारिक आम्लाचं द्रावण कोळशाने निवळतं. पुढे युरोपातल्या साखर कारखान्यांनी तो उचलला, आधी लाकडाचा आणि नंतर हाडांचा. पहिल्या महायुद्धात विषारी वायू आले आणि कोळसा सैनिकांच्या मुखवट्यांत जाऊन बसला. सांडपाण्याकडे तो मोठ्या प्रमाणावर वळला 1960 च्या दशकात, अमेरिकेतल्या लेक टाहोच्या काठी. निळंशार तळं राखायचं म्हणून तिथे शहराचं सांडपाणी शेवटी कार्बनच्या स्तंभांतून सोडू लागले. त्या प्रकल्पात वापरलेला कार्बन भट्टीत घालून पुन्हा ताजा करायची सोय पहिल्यापासून होती. आपण त्यांच्याकडून डबा घेतला, भट्टी घेतली नाही.

आता कार्बनला काय जमत नाही ते. मीठ जमत नाही. अमोनिया, नायट्रेट, मिथेनॉल, ॲसेटिक आम्ल हे असले लहान किंवा पाण्यात सुखाने राहणारे जीव त्याच्या हातून निसटतात. इचलकरंजीसारख्या गावात सुती कापडाला रिॲक्टिव्ह रंग देतात. रंग धाग्यावर चढावा म्हणून सोबत भरपूर मीठ घालतात, तरी रंगाचा बराच भाग कापडाला न लागता पाण्यातच राहतो. हे रंग पाण्यात विरघळावेत म्हणूनच बनवलेले असतात. एरेशन टाकीतल्या जिवाणूंना ते पचत नाहीत आणि करवंटीच्या कार्बनची अरुंद भोकं त्यांच्या रेणूंना पुरत नाहीत. मीठ तर जसं येतं तसंच पुढे जातं.

इथे खरेदीतली एक गंमत सांगतो. कार्बनचा भाव ठरतो आयोडीन व्हॅल्यूवर: एका ग्रॅमने किती मिलिग्रॅम आयोडीन धरलं. हजार असली की माल उत्तम, सहाशे असली की हलका. पण आयोडीनचा रेणू बारीक असतो, तो कुठल्याही चिरेत शिरतो. म्हणजे हजार आयोडीन व्हॅल्यूचा करवंटीचा महागडा कार्बन रंगाच्या पाण्यावर दगडी कोळशाच्या स्वस्त कार्बनपुढे हरू शकतो, कारण दुसऱ्यात रुंद भोकं जास्त. परचेसवाल्यांना हे पटवणं अवघड, त्यांच्या तक्त्यात एकच रकाना असतो. मी आग्रह एवढाच धरतो की तुमच्याच कारखान्याचं पाणी चार बीकरमध्ये घ्या, प्रत्येकात वेगवेगळं वजन करून कार्बनची पूड टाका, भरपूर वेळ ढवळा, गाळा आणि सीओडी, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप, तपासा. किती कार्बन किती घाण धरतो ते सांगणारी फ्रॉइंडलिशची रेषा काढायला एक संध्याकाळ लागते. सप्लायरच्या सर्टिफिकेटपेक्षा त्या रेषेवर माझा जास्त विश्वास आहे.

तरीही कार्बनची निवड हा दुय्यम मुद्दा आहे. मूळ प्रश्न मी कुठल्याही प्लांटवर पहिल्या पाच मिनिटांत विचारतो: कार्बन शेवटचा कधी बदलला? समोरचा माणूस आधी दुसऱ्याकडे बघतो. मग उत्तर येतं, "साहेब, बॅकवॉश रोज मारतो की." बॅकवॉशने वर साचलेला गाळ निघतो. भोकांत बसलेल्या रेणूंना त्याची खबरही लागत नाही.

हिशेब करून बघू. समजा दिवसाला शंभर घनमीटर पाणी आहे, प्लांट वीस तास चालतो आणि डब्यात पाचशे किलो कार्बन आहे. हा साधारण एक घनमीटर भरतो, म्हणजे पाण्याला त्याच्या सहवासात बारा मिनिटं मिळतात. फार नाहीत, पण ठीक. आता कार्बनपाशी येणाऱ्या पाण्याचा सीओडी साडेतीनशे आहे आणि नियमाप्रमाणे नदीनाल्यात सोडायची मर्यादा अडीचशे. लिटरमागे शंभर मिलिग्रॅम काढायचे, म्हणजे दिवसाला दहा किलो सीओडी कार्बनच्या गळ्यात. मिश्र सांडपाण्यात एक किलो कार्बनने दोनशे ग्रॅम सीओडी धरला तरी मी त्याला बरा म्हणेन. पाचशे किलोत शंभर किलो. दहा दिवसांत डबा भरला! अकराव्या दिवसापासून तो फक्त पंपावरचा दाब वाढवतो. आणि रजिस्टरमध्ये कार्बन बदलल्याची नोंद असते दोन वर्षांपूर्वीची, तीही असली तर.

भरलेला कार्बन नुसता निरुपयोगी असता तरी चाललं असतं. एका औषधी रसायनांच्या कारखान्यात एक तरुण इंजिनिअर मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "सर, एसीएफच्या आउटलेटचा सीओडी इनलेटपेक्षा जास्त येतोय. लॅबवाल्यांनी बाटल्या बदलल्या असणार." मी त्याच्यासमोर पुन्हा नमुने घ्यायला लावले, बाटल्यांवर त्याच्याच हाताने चिठ्ठ्या चिकटवल्या. आकडे तेच आले. घडत होतं असं: त्या आठवड्यात प्लांटवर उत्पादन बदललं होतं आणि नव्या सांडपाण्यात जास्त घट्ट चिकटणारा पदार्थ होता. एसटीत रुमाल टाकून जागा धरलेल्याला दांडगा गडी आला की उठावं लागतं, तसे आधी सैलसर चिकटलेले रेणू सुटून पाण्यात परत येत होते. याशिवाय येणारं पाणी अचानक पातळ झालं तरी कार्बन धरलेलं सोडू लागतो, आणि पाणी गरम आलं तर त्याची पकडच ढिली होते. कार्बन काहीही नष्ट करत नाही. तो धरून ठेवतो, तेही परिस्थिती अनुकूल असेपर्यंत. त्या पोराला हे वहीत काढून दाखवलं तर त्याचा पहिला प्रश्न होता, "मग प्रदूषण नियंत्रण बोर्डाचा नमुना कुठल्या दिवशी गेला होता?" हुशार पोरगं.

जुन्या डब्याला सडक्या अंड्याचा वास येतो तो वेगळ्या कारणाने. जिवाणूंना कार्बन आवडतो: खडबडीत पृष्ठभाग आणि आयतं अन्न. वरच्या थरात ते प्राणवायू संपवतात, खालचे जिवाणू मग पाण्यातल्या सल्फेटकडे वळतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. याहून गंभीर गोष्ट अशी की ओला कार्बन बंद डब्यातल्या हवेतला प्राणवायू स्वतःच शोषून घेतो. वास नाही, रंग नाही, आत उतरलेला माणूस मात्र काही कळायच्या आत कोसळू शकतो. जुना कार्बन उपसायला मॅनहोलमधून फावडं घेऊन माणूस उतरवणारे ठेकेदार मी पाहिले आहेत. हवा खेळती केल्याशिवाय, आतला प्राणवायू मीटरने मोजल्याशिवाय आणि दोरी धरणारा माणूस वर उभा असल्याशिवाय कुणीही आत पाऊल टाकायचं नाही. या बाबतीत मी कुणाची घाई ऐकत नाही.

बाहेर काढलेल्या कार्बनचं काय करायचं? कायद्याने असा कार्बन घातक कचऱ्यात येतो. तो तळोजासारख्या अधिकृत जागी पाठवायचा, किंवा सिमेंटच्या भट्टीत जाळायला द्यायचा. तिसरा मार्ग पुनरुज्जीवनाचा: आठशे-नऊशे अंशांच्या भट्टीत चिकटलेलं जाळून कार्बन परत वापरायचा, दर फेरीला पाच-दहा टक्के घट सोसून. लहान कारखान्याला स्वतःची भट्टी परवडत नाही. दहा कारखान्यांचा कार्बन एकत्र करावा तर एकाच्या डब्यातलं विष दुसऱ्याच्या डब्यात जायची भीती. माझ्या मते एखाद्या औद्योगिक वसाहतीने हा प्रश्न सामूहिक पातळीवर सोडवला पाहिजे, जसा सामायिक प्रक्रिया केंद्राचा (सीईटीपी) सोडवला. नाहीतर गोण्या शेडच्या मागे पावसात भिजत पडतात, आणि त्यांतून काय पाझरतं ते सांगायला इंजिनिअर लागत नाही.

असं असूनही कार्बनचा खरा उपयोग पुढे आहे असं मी मानतो, फक्त जागा वेगळी. सीओडीचे ढीग उचलायला त्याला लावू नये. ते काम जिवाणूंचं, ते स्वस्तात करतात. त्यांना न पचणारं, लिटरमागे मिलिग्रॅमच्याही अंशात असलेलं जे उरतं, तिथे कार्बन लावावा. पण त्यालाही मर्यादा आहे. हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या सामायिक प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणारं पाणी स्वीडनच्या योआकिम लार्सन यांच्या गटाने तपासलं आणि 2007 मध्ये आकडे छापले. सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरमागे 31 मिलिग्रॅमपर्यंत. औषध चालू असलेल्या रुग्णाच्या रक्तातही इतकं नसतं. आणि ते पाणी रीतसर प्रक्रिया होऊन बाहेर पडलेलं होतं. असं पाणी शेवटच्या डब्याने कधीच आवरणार नाही. ते औषध बनतं त्या रिॲक्टरच्या दाराशी, घट्ट आणि थोड्या पाण्यात असतानाच अडवावं लागतं. शेवटी उरलेल्या अंशाला मग कार्बन पुरेसा.

युरोपीय संघाने 2024 मध्ये शहरी सांडपाण्याचा कायदा बदलला. दीड लाख माणसांइतक्या किंवा त्याहून मोठ्या भाराच्या केंद्रांना 2045 पर्यंत औषधांचे अंश काढणारा चौथा टप्पा बसवायचा आहे, आणि त्याचा किमान 80 टक्के खर्च औषधं नि सौंदर्यप्रसाधनं बनवणाऱ्यांकडून घ्यायचा असं त्यात आहे. बहुतेक ठिकाणी हा टप्पा ओझोन किंवा कार्बन असेल. कार्बनची मागणी वाढेल, करवंट्यांचे भावही.

मी हल्ली आराखड्यात कार्बनच्या एकाऐवजी दोन डबे ओळीने काढतो आणि दोहोंच्या मध्ये नमुना घ्यायला एक छोटा नळ. पहिला भरला की मधल्या नळाचं पाणी ते सांगतं. मग पहिल्यातला माल बदलायचा आणि दुसऱ्याला पुढे आणायचं. नळाला काही शेकडे रुपये पडतात. खर्च कमी करायला बसलेले लोक यादीतून सगळ्यात आधी तोच खोडतात.