नवेगावबांधच्या पाण्यावर

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो, साधू-साध्वींचा विहार पुन्हा सुरू होतो आणि आपल्या घरांतही प्रवासाचे बेत निघू लागतात. गोंदियाच्या व्यापाऱ्याला मात्र हे दिवस अडचणीचे. धानाची आवक याच सुमारास वाढते आणि गिरणी सोडून कोणी हलायला राजी नसतो. तरीही एक दिवस काढावा, आणि तो नवेगावबांधसाठी काढावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. पावसाने भरलेला तलाव या वेळी निवळलेला असतो आणि उत्तरेकडून आलेली बदके पाण्यावर उतरलेली असतात.

गोंदियाहून हे ठिकाण सुमारे 65 किलोमीटर. चांदाफोर्टकडे जाणारी गाडी घेतली तर देवलगाव स्थानकावर उतरता येते. तलावाला तिन्हीचारी बाजूंनी डोंगरांचा वेढा आहे. त्या डोंगरांमधील खिंडी मातीच्या बांधांनी अडवून हे पाणी साठवले. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी हे काम केले, असे परंपरा सांगते. बांधावर त्यांचीच पूजा कोलासूर या नावाने होते. समोरच्या शिखरांना ‘सात बहिणी’ म्हणतात. तलाव बांधणाऱ्याचा देव व्हावा, ही गोष्ट मला फार योग्य वाटते. धर्मशाळा आणि पाणपोया बांधणाऱ्यांच्या वंशजांना ती वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून येथे राहिले आणि ‘नवेगावबांधचे दिवस’ लिहून त्यांनी हा तलाव मराठी वाचकाच्या घरी नेला. पक्ष्यांसाठी लोक येथे येतात ते बहुतांशी त्यांच्यामुळे. येथील नावेविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही, म्हणून हा लेख.

अलीकडे आपली मुले सुट्टीत ऋषिकेशला किंवा गोव्याला जाऊन ‘कयाक’ चालवून येतात आणि भ्रमणध्वनीवर त्याची छायाचित्रे दाखवतात. कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाजवळच्या इनुइट लोकांची. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती करीत. आज ती फायबरची वा प्लास्टिकची असते, तेव्हा संकोचाचे कारण उरलेले नाही. तिच्यात पाय पुढे पसरून बसतात आणि दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे डावी-उजवीकडे मारतात. कनू ही तिची बहीण. तिच्यात गुडघ्यावर किंवा आडव्या फळीवर बसतात आणि वल्ह्याला एकच पाते असते. हा शब्द कॅरिबियन बेटांवरील लोकांकडून स्पॅनिश दर्यावर्दींनी उचलला. ती बेटे झाडाचे खोड कोरून नाव करीत.

आता गोंदिया-भंडाऱ्याकडचा वाचक येथे थांबून म्हणेल, की हा तर आमचा डोंगा! खरेच आहे. वैनगंगेवर आणि इकडच्या तलावांवर ढिवर समाज पिढ्यान्‌पिढ्या कोरीव डोंगे चालवीत आला आहे. उथळ पाण्यात बांबूने ढकलायचे, खोल पाण्यात वल्हे मारायचे. एका बाजूने वल्हे मारताना नाव दुसऱ्या बाजूला वळू नये म्हणून पाते शेवटी किंचित बाहेर फिरवावे लागते. परदेशी प्रशिक्षक ज्यासाठी शुल्क घेतात ते हे कसब ढिवराचा मुलगा दहाव्या वर्षी शिकलेला असतो.

या कसबाची किंमत इतरत्र ओळखली गेली आहे. हांगझोऊ येथे 2023 साली झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत कनूच्या 1000 मीटर दुहेरी शर्यतीत अर्जुन सिंग आणि सुनील सिंग सलाम यांनी भारताला कांस्यपदक मिळवून दिले. यापूर्वीचे अशा प्रकारचे पदक 1994 साली हिरोशिमाला मिळाले होते. सुनील हा मणिपूरच्या लोकताक सरोवराकाठचा, मासेमारीवर जगणाऱ्या घरातला. त्याच वर्षी पॅरा आशियाई स्पर्धेत ग्वाल्हेरच्या प्राची यादव हिने कयाकमध्ये सुवर्णपदक मिळवले. तिचा सराव भोपाळच्या तलावावरचा.

येथे एक अवघड गोष्ट बोलायलाच हवी. डोंगा हे मासेमारीचे साधन आहे, आणि आपल्या घरांत त्याचे नाव काढले की संभाषण तिथेच संपते. मला ते पुरेसे वाटत नाही. याच डोंग्यातून शिंगाडा काढला जातो, आणि त्याचे पीठ आपल्याच दुकानांतून उपवासाला विकले जाते. याच भागातील ढिवर स्त्रियांनी तलावांत माजलेली बेशरम उपटून काढली आणि स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या, म्हणून पक्ष्यांना आसरा राहिला. जाळ्याखेरीज दुसरी मिळकत नसेल तर माणूस जाळेच टाकणार. वल्ह्याच्या नावेतून प्रवाशांना पक्षी दाखवून चार पैसे मिळत असतील, तर तो धंदा उभा करण्यास आपल्या समाजाने भांडवल द्यावे. अहिंसेचा उपदेश करण्यापेक्षा ते अधिक कामाचे. हिशेब मात्र चोख हवा आणि नाव ढिवरांच्या संस्थेच्या मालकीची हवी. दान म्हणून दिलेली वस्तू लवकर मोडते, हा व्यापाऱ्याचा अनुभव आहे.

मोटारबोटीला माझा विरोध आहे. तिच्या आवाजाने बदकांचा थवाच्या थवा उठतो, तेलाचा तवंग पसरतो आणि काठच्या लव्हाळ्यातली घरटी लाटांनी हलतात. वल्ह्याची नाव गेली तर वारकरी पक्षी जेमतेम बाजूला सरकतात.

जाणाऱ्यांसाठी थोडे. नौकाविहाराची सोय त्या दिवशी चालू आहे का, आणि वनखात्याची परवानगी कोणत्या भागासाठी लागते, हे आधी विचारून घ्यावे. तरंगते जाकीट अंगात असल्याशिवाय पोहणाऱ्यानेही नावेत पाय ठेवू नये. या भागात डोंगे उलटून जीव गेले आहेत, आणि त्यांतील बहुतेक नावांत माणसे जास्त होती. नावेत उभे राहू नये. पावसाळ्यात वैनगंगा किंवा वाघ नदीवर हा हौशीपणा अजिबात करू नये. सकाळी लवकर निघावे, कारण दुपारी वारा उठला की एवढ्या विस्तीर्ण पाण्यावर लाटा येतात आणि नवख्याचे हात भरून येतात. डबा सोबत असला तर सूर्यास्तापूर्वीचे जेवण बांधावरच होते. पाणी घरून गाळून न्यावे. परतीच्या वाटेवर धानाच्या बांधीत सारसाची जोडी दिसली तर गाडी दूरच थांबवावी. महाराष्ट्रात हा पक्षी आता जवळपास याच जिल्ह्यात उरला आहे, आणि ज्या शेतात तो घरटे करतो त्याच शेताचा धान आपल्या गिरणीत येतो.