वयाबरोबर बदलणारा गोळा

गोळाफेकीचा गोळा माणसाच्या वयाबरोबर जड होत जातो आणि उतारवयात पुन्हा हलका होतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार १८ वर्षांखालील मुलांचा गोळा ५ किलोचा, २० वर्षांखालील मुलांचा ६ किलोचा आणि पुरुषांचा ७.२६ किलोचा असतो. मुलींना १८ वर्षांपर्यंत ३ किलोचा आणि पुढे ४ किलोचा. मैदानी स्पर्धांच्या पहिल्याच हंगामाची तयारी करणाऱ्याला सगळ्यात आधी कळायला हवी ती ही गोष्ट, आणि नेमकी तीच उशिरा कळते. शाळेच्या क्रीडासाहित्याच्या कपाटात बहुधा एकच गोळा असतो. जो असेल तो सगळ्यांनी फेकायचा.

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या मुलाच्या हाती तो पहिल्यांदा येतो शाळा सुरू झाल्यावर, पावसाळ्याच्या तोंडाशी. शालेय स्पर्धांचा रस्ता जिल्ह्यातून पुणे विभागाकडे आणि तिथून राज्याकडे जातो. गट १४, १७ आणि १९ वर्षांखालील. गट जन्मवर्षावरून ठरत असल्यामुळे एकाच गटात, एकाच वर्षाच्या जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरात जन्मलेल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असतो. तेराव्या-चौदाव्या वर्षी हे एक वर्ष खांद्यांत आणि मांड्यांत स्पष्ट दिसते. पहिल्या हंगामात मागे पडलेल्या मुलाला ‘याच्यात दम नाही’ असे म्हणण्याआधी त्याची जन्मतारीख पाहावी.

पेठेच्या अरुंद गल्लीत गोळा फेकता येत नाही. त्यासाठी कुमठा नाक्याच्या क्रीडा संकुलासारखे मोकळे मैदान गाठावे लागते. पण पहिल्या काही आठवड्यांना गोळा लागतही नाही. गोळा लांब जातो तो पायांच्या आणि कमरेच्या जोरावर. हात शेवटी येतो. म्हणून सुरुवात जोर-बैठकांनी, जिने चढण्याने, जागच्या जागी उड्या मारण्याने करावी. सोलापूरकराला हे वेगळे सांगायला नको. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेत निघणाऱ्या सात नंदीध्वजांचे मानकरी आणि सेवेकरी ध्वजाची काठी पेलण्याचा सराव कितीतरी आधी सुरू करतात. यात्रेच्याच दिवशी येऊन कोणी ती उचलत नाही. नवख्या खेळाडूला मात्र स्पर्धेच्या आठवडाभर आधी मैदानावर आणले जाते, आणि मग कोपर व मनगट दुखावते.

पुढची पायरी पकडीची. गोळा तळहातात धरायचा नसतो. तो बोटांच्या मुळांशी टेकवायचा, मधली तीन बोटे मागे, अंगठा आणि करंगळी बाजूला आधारापुरती, आणि जबड्याखाली मानेला चिकटवून ठेवायचा. सरावानंतर मान मळलेली आणि तळहात स्वच्छ असला तर पकड बरोबर जमली असे समजावे. पावसाळी मैदानावर ओल्या मातीत रुतलेला गोळा दर फेकीनंतर फडक्याने कोरडा करावा लागतो. चिखल राहिला तर गोळा बोटांवरून सरकतो, आणि मूल त्याला सावरायला नकळत तळहात वापरू लागते. ही सवय एकदा लागली की सुटता सुटत नाही. चेंडूसारखा खांद्यामागून हात नेऊन फेकणे तर नियमातही बसत नाही. गोळा खांद्याच्या रेषेमागे न जाता एका हाताने ढकलला जावा लागतो.

पहिला हंगाम उभ्याने फेकण्यात गेला तरी बिघडत नाही. वर्तुळ २.१३५ मीटर व्यासाचे. त्यात पाठमोरे उभे राहून मागे सरकत येण्याची रीत अमेरिकेच्या पॅरी ओब्रायनने १९५० च्या दशकात रूढ केली, आणि गिरकी घेऊन फेकणे त्याच्याही नंतर आले. नवख्याने गिरकीच्या नादी लागू नये; मोबाइलवर रायन क्राऊझरची २३.५६ मीटरची विश्वविक्रमी फेक पाहून ती उतरवायला जाणे म्हणजे वर्तुळाबाहेर पाय पडून फेक बाद होणे. कोनाबद्दलही असाच एक गैरसमज आहे. पुस्तकातले ४५ अंश इथे चालत नाहीत. गोळा खांद्याच्या उंचीवरून सुटतो, आणि हात जितका वर जाईल तितका जोर कमी पडतो. म्हणून कसलेल्या फेकपटूंचा कोन ३५ ते ३८ अंशांच्या आसपास असतो. त्याहून महत्त्वाचा सुटतानाचा वेग. तो थोडा वाढला तरी अंतर चांगलेच वाढते.

अठरा वर्षांनंतर गोळा पुन्हा समोर येतो तो पोलीस भरतीत. शिपाई पदाच्या ५० गुणांच्या मैदानी चाचणीत गोळाफेकीला १५ गुण असतात आणि मुलांना तिथे थेट ७.२६ किलोचा गोळा फेकावा लागतो. शाळेत ५ किलोवर थांबलेला मुलगा इथे पुन्हा नवखा होतो. त्याने भरतीची जाहिरात निघण्याची वाट न पाहता सहा किलोवरून वर सरकावे.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांत सोलापूर जिल्ह्याला लागून असलेल्या आटपाडी तालुक्याचा सचिन खिलारी सगळ्यांनी लक्षात ठेवावा असा. शाळेत असताना अपघातात हाताला अपंगत्व आले. पुढे अभियंता झाल्यावर तो भाल्याकडून गोळ्याकडे वळला आणि २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये एफ ४६ गटात १६.३२ मीटर फेकून त्याने रौप्यपदक मिळवले.

यंत्रमागावर, दुकानात किंवा कचेरीत वर्षे गेल्यावर पस्तिशीनंतर प्रौढांच्या स्पर्धा खुल्या होतात. पुरुषांचा गोळा एकोणपन्नासाव्या वर्षापर्यंत ७.२६ किलोचाच राहतो. पन्नाशीत ६, साठीत ५, सत्तरीत ४ आणि ऐंशीनंतर ३ किलो. महिलांचा पन्नाशीपासून ३ आणि पंचाहत्तरीपासून २. नियम करणाऱ्यांनी म्हाताऱ्या खांद्यांचा इतका विचार केला आहे. तेवढाच विचार कोवळ्या खांद्यांचा शाळेत व्हावा. पुढच्या जूनआधी प्रत्येक शाळेने कपाटात ३, ४ आणि ५ किलोचे गोळे आणून ठेवावेत. आपल्या मुलाच्या शाळेत ते आहेत का, हे पालकांनी जाऊन विचारावे.