पाईपलाईनचे ४६ पॉइंट आणि एक मेमरी कार्ड

अकरा दिवस पेजवर काही टाकलं नाही. बऱ्याच जणांनी मेसेज केले, भाऊ बरे आहात ना म्हणून. बरा आहे. मोसंबीला पाणी पोचत नव्हतं, आणि त्याचं कारण शोधताना जमीन कमी अन् कॉम्प्युटर जास्त उकरला. ते सगळं लिहून ठेवतोय. आपल्यापैकी पुष्कळ जणांनी हल्ली मोबाईलमध्ये नाहीतर जीपीएस मशीनमध्ये वॉल्व्ह, बोअर, बांध यांचे पॉइंट मारून ठेवलेत, त्यांच्या कामाला येईल.

आधी लाईनबद्दल सांगतो. २०१२ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा कशा जळाल्या ते वेगळं सांगायला नको. टँकरनं झाडं जगवली, तरी निम्मी गेली. त्यानंतर २०१३ मध्ये आण्णांनी दुधनेच्या काठच्या विहिरीवरून बागेपर्यंत तीन इंची पाईपलाईन आणली. १८०० मीटर. वीस फुटी पाईप जवळपास ३०० लागले, म्हणजे जोडही तितकेच. मधे भावकीची तीन शेतं आणि एक ओढा. नकाशा कुठंच नाही, सगळा आण्णांच्या डोक्यात. "बाभळीपासून चाळीस पावलं, मग धुऱ्याला वळण." आता ती बाभूळही तुटली.

२०२२ च्या दिवाळीनंतर मी एका सर्वेवाल्याकडून जुनं हातातलं जीपीएस मशीन घेतलं आणि आण्णांना घेऊन लाईनवरून चाललो. गुडघे दुखायचे म्हणून दोन दिवस लागले. ते काठी टेकवून उभे राहायचे, "हितं एल्बो", "हितं कपलर टाकलाय, २०१८ ला फुटला होता", आणि मी बटण दाबायचो. पहिल्या दिवशी ३१ पॉइंट, दुसऱ्या दिवशी १५. पुढच्या वर्षी आण्णा गेले.

यंदा एप्रिलमध्ये शेवटच्या ओळींचे ड्रीपर थेंबसुद्धा टाकेनात. लाईन कुठंतरी लीक आहे हे नक्की, पण वर ओल दिसेना. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात ज्या भेगा पडतात त्या सगळं पाणी पिऊन घेतात. आणि जोड सुटतो तोही त्यामुळंच, माती आकसते, पाईप ओढला जातो. आंबे बहाराची फळं लिंबाएवढी झालेली, साडेतीनशे झाडं. पाण्याचा ताण बसला की फळगळ सुरू. म्हणलं काळजी नाही, पॉइंट आहेत. मशीन चालू केलं तर यादी रिकामी.

मग आठवलं. मशीनची मेमरी भरली म्हणून मीच पॉइंटच्या फाईली कॉम्प्युटरवरून मेमरी कार्डात टाकल्या होत्या. कॉपी नाही, कट-पेस्ट. नंतर चार जीबीचं ते कार्ड पुरेना म्हणून बाजारातून स्वस्तातलं ६४ जीबीचं आणलं, सगळं त्यात कॉपी केलं आणि जुनं कार्ड लेकरांच्या आईच्या मोबाईलमध्ये घातलं. मोबाईलनं फॉरमॅट करू का विचारलं, मी हो म्हणलं. एवढा शहाणपणा एकाच दुपारी केला.

पुतण्याला बोलावलं. पहिला घोळ केबलचा. मशीन जोडलं की दिवा लागायचा, पण कॉम्प्युटरवर काहीच दिसेना. ड्रायव्हर टाका, रीस्टार्ट करा, दीड तास गेला. शेवटी कळलं केबल नुसती चार्जिंगची आहे, तिच्यात डेटाच्या तारा नसतातच. दिसायला दोन्ही सारख्या. केबल बदलली, मशीन दिसलं, पण कार्ड दिसेना. कारण ६४ जीबीची कार्डं 'एक्सफॅट' पद्धतीनं फॉरमॅट होऊन येतात आणि माझ्यासारखी जुनी मशीनं फक्त 'फॅट३२' वाचतात. म्हणजे नव्या कार्डात फाईली टाकल्यावर मी ते मशीनमध्ये एकदाही घालून बघितलं नव्हतं.

पुतण्या म्हणला, "काका, फॅट३२ ला फॉरमॅट मारू का?" तेवढ्यात मात्र हात धरला त्याचा. आधी आतलं बाहेर काढ. कार्ड रीडरला लावलं, फाईलींची नावं दिसली, साईज दिसली, जीव भांड्यात पडला. उघडल्या तर आत नुसती शून्यं. कार्ड नकली निघालं. अशा कार्डावर लिहिलेलं असतं ६४, आत खरी जागा असते सात-आठ जीबी. ती भरली की पुढचं सगळं कार्ड घेतं, 'कॉपी झाली' असंही दिसतं, पण लिहिलं काहीच जात नाही. मी आधी नकाशे अन् फोटो टाकले होते, पॉइंट सगळ्यात शेवटी. (कार्ड खरं की खोटं हे तपासायला 'एच२टेस्टडब्ल्यू' नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. तो पूर्ण कार्ड भरून परत वाचतो. नवीन कार्ड आणल्या आणल्या चालवा, आत कामाचं काही असताना नाही.)

राहिलं जुनं कार्ड. ते मोबाईलमधून काढलं आणि त्यावर एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवलं. फॉरमॅट केलं म्हणजे बहुतेक वेळा फक्त यादी पुसली जाते, माल जागेवरच असतो, पण नवीन फोटो-गाणी येतील तसा त्याच्यावर बसत जातो. एक नशीब चांगलं होतं. मोबाईलनं कार्ड साधं ठेवलं होतं. 'अंतर्गत मेमरी' म्हणून घेतलं असतं तर अँड्रॉइड सगळं कुलूपबंद करून टाकतं, मग विषयच संपला. 'फोटोरेक' हा फुकट प्रोग्रॅम लावला आणि सापडलेलं कॉम्प्युटरवर काढलं, परत त्याच कार्डावर नाही. दोन तासांत हजारभर फाईली निघाल्या. नावं सगळी गेलेली, नुसते आकडे. त्यात भजनं, लग्नाचे फोटो आणि एक जीपीएक्स फाईल.

जीपीएक्स ही साधी मजकुराची फाईल असते, नोटपॅडमध्ये उघडते. पॉइंटचं नाव, अक्षांश, रेखांश. आपल्याकडचं अक्षांश १९ नं आणि रेखांश ७५ नाहीतर ७६ नं सुरू होतं, त्यामुळं ओळखू येतं. माझं मशीन दर दिवसाची वेगळी फाईल करतं. पहिल्या दिवसाची सापडली, ३१ च्या ३१ पॉइंट. दुसऱ्या दिवसाच्या जागेवर काहीतरी बसलं होतं, ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात. पॉइंट १४ आणि २६ हे वॉल्व्ह होते, चेंबरवर नांगराची माती चढून दोन्ही गाडले गेलेले. उकरून काढले. १४ चा वॉल्व्ह बंद करून मोटर अर्धा मिनिट चालवली, विहिरीवरचं गेज चढलं अन् टिकलं. १४ उघडून २६ बंद केला तर गेज चढेना. म्हणजे लीक या दोघांच्या मधे. (जास्त वेळ चालवू नका, नवीन जोड फुटतील.) मधल्या पॉइंटमध्ये २१ ला मी इंग्रजी अक्षरांत 'कपलर २०१८' लिहिलं होतं. आण्णांनी दाखवलेला.

अशी मशीनं उघड्या आभाळाखाली तीन ते पाच मीटर इकडं तिकडं दाखवतात. २ मे २००० पर्यंत अमेरिका मुद्दाम सिग्नल बिघडवून सोडायची, तेव्हा हाच फरक शंभर मीटरपर्यंत जायचा. शंभर मीटरमध्ये काय उकरणार? पाच मीटरमध्ये उकरता येतं. दुसऱ्याच चरात, तीन फुटांवर चिखल लागला. कपलर एका बाजूनं निसटला होता. बारा वाजता पाणी बागेत.

फळगळ झाली ती झाली. शेवटच्या सहा ओळींत बघवत नाही.

आता काय केलं ते सांगतो. कार्ड १६ जीबीचं घेतलं, पक्क्या बिलाचं. फाईल कॉम्प्युटरवर आहे, पुतण्याच्या मेलवर आहे आणि कार्डात आहे. प्रत्येक ठिकाणी कॉपी झाल्यावर उघडून पॉइंट मोजले. कट-पेस्ट बंद. कार्ड काढताना आधी कॉम्प्युटरला 'इजेक्ट' सांगायचं, मगच ओढायचं. आणि ३१ पॉइंटचे आकडे वहीत उतरवले, दशांशानंतर पाच आकडे, तेवढ्यात मीटरभराचा नेम लागतो. लेकीनं वाचून दाखवले, मी लिहिले, मग उलटं करून तपासले. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून स्टार्टरच्या पेटीत ठेवलीय. तिला केबल लागत नाही.

हरवलेल्या १५ पैकी नऊ पॉइंट मी आणि धाकट्या चुलत्यांनी मिळून परत मारले. दोन वॉशआऊट, एक टी, बाकी वळणं. सहा अजून लागत नाहीत, ओढ्याच्या अलीकडचे. ज्या मिस्त्रीनं २०१३ ला पाईप जोडले होते तो आता परतूरकडं असतो. फोन लागला. शनिवारी येतो म्हणलाय.