ओला फडका

आमच्या इंदिरानगरच्या घराच्या पोर्चमध्ये एक पांढरी प्रीमियर पद्मिनी उभी आहे. १९८१ची. माझे आजोबा, म्हणजे आप्पा, यांनी घेतलेली. यंदा तिच्या रजिस्ट्रेशनची मुदत संपतेय, आणि पप्पांचं म्हणणं आहे, "स्क्रॅपला देऊन टाकू."

"पप्पा, ही क्लासिक आहे!"

"क्लासिक तुझ्यासाठी. आम्ही ढकललीये ती."

मला या गाडीचं सगळं आवडतं. स्टिअरिंगला लागून असलेला गिअर, पुढे तिघं मावतील असं सलग सीट, मागच्या दिव्यांवरचे ते छोटे पंख. पंखांची ही फॅशन मूळची अमेरिकेतली, दुसऱ्या महायुद्धानंतरची. विमानासारखं दिसावं म्हणून तिथल्या गाड्यांना शेपट्या फुटल्या. ती लाट इटलीत पोहोचली आणि तिथून फियाट ११०० डी घेऊन आपल्या कुर्ल्यात, वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कारखान्यात. १९६४ साली ती 'डिलाइट' होती, पुढे 'प्रेसिडेंट' झाली, मग 'पद्मिनी'. नावं बदलली, गाडी जवळजवळ तीच.

इटलीत हे मॉडेल १९६६ सालीच बंद झालं होतं. आप्पांनी १९७५मध्ये बुकिंग केलं आणि सहा वर्षं वाट पाहून जी गाडी मिळवली, ती तिच्या जन्मगावी पंधरा वर्षांपूर्वीच निवृत्त झालेली होती. पुढे दोन वर्षांत मारुती ८०० आली.

हे कळलं तेव्हा मला माझ्या ऑफिसातला एक जुना कोड आठवला. पंधरा वर्षं कुणी हात लावलेला नाही. नवीन आलेल्यांना वाटतं, काय भारी लिहिलं असेल, इतकी वर्षं टिकलंय! खरं कारण एवढंच की बदलायची परवानगी आणि पैसे कधी मिळाले नाहीत. पद्मिनीचंही तसंच. परवाने, आयातबंदी आणि हातावर मोजण्याइतके पर्याय, यामुळे एक जमाना आपल्याकडे गोठून राहिला. मी ज्याला डिझाइनचं सौंदर्य म्हणतोय, ती पप्पांच्या पिढीची नाइलाजाची गाडी होती.

तरी मी हट्ट सोडला नाही. कारण गणित विचित्र आहे. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या कारच्या नूतनीकरणाची फी १०,००० रुपये झालीये. २०२१च्या नियमांप्रमाणे 'विंटेज' म्हणवून घ्यायला गाडी पन्नास वर्षांची आणि मूळ रूपातली लागते. आमची पंचेचाळीसची. भंगार आणि वारसा यांच्यात बरोबर पाच वर्षांचं अंतर, आणि नूतनीकरणही पाच वर्षांचंच मिळतं.

"मुदत संपायच्या आत एकदा घोटीपर्यंत जाऊन येऊ," मी म्हटलं. मे महिन्यातला रविवार. पप्पा कुरकुरत बसले. चालवत मी होतो.

वाडीवऱ्हेच्या पुढे गाडीने आचके दिले आणि बंद पडली. मी फोन काढून शोधायला लागलो. पप्पांनी बॉनेट उघडलं, खिशातला रुमाल माझ्या बाटलीतल्या पाण्यात भिजवला आणि इंजिनाच्या बाजूच्या पेट्रोल पंपावर गुंडाळला.

"पेट्रोलची वाफ झालीये. पंप पातळ पेट्रोल ओढतो, वाफ ओढता येत नाही त्याला. थंड होऊ दे."

आम्ही बाभळीच्या सावलीत उभे राहिलो.

"कसारा घाटात हे दर उन्हाळ्यात व्हायचं," पप्पा म्हणाले. "आजी पाण्याची कळशी मांडीवर घेऊन बसायची, यासाठीच. आप्पा फडका लावायचे. बाजूने मारुत्या सूं करून वर जायच्या. मी वीस वर्षांचा. लांब कठड्यापाशी जाऊन उभा राहायचो, आपली गाडी नाही असं दाखवत."

"आप्पांना कळायचं?"

"एकदा म्हणाले, तिकडे उभा राहतोस तर निदान पाणी तरी आण."

ते हसले नाहीत. मीही नाही. आता मुंबईची बरीच वाहतूक समृद्धीच्या बोगद्यातून जाते. घाटात कुणाला थांबावं लागत नाही, आणि माझ्या गाडीचं बॉनेट उघडलं तर प्लॅस्टिकचं झाकण दिसतं.

दहा मिनिटांनी पप्पांनी किल्ली फिरवली. दुसऱ्या प्रयत्नात इंजिन लागलं. या वेळी ते ड्रायव्हरच्या सीटवरून उठलेच नाहीत.

घोटीला मिसळ खाताना त्यांनी विचारलं, "फी किती म्हणालास?"

"दहा हजार."

"अर्धे मी देतो." मग थोड्या वेळाने, "डिकीत दोन फडके ठेव. सुती. आणि पाण्याची बाटली मोठी घे."